फुटबॉल खेळून पोट भरतं का?

६ फेब्रुवारी २०२२, रविवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी माता रमाईंची जयंती होती. करोनाचे निर्बंध पुरते उठलेले नव्हते, म्हणून कार्यक्रम विहारातच आणि छोटाच करायचे ठरले होते. आम्ही महिला मंडळाच्या पाच-सहाजणी वर्गणीची वही घेऊन हिशेब जुळवत बसलो होतो. त्याच दिवशी सकाळी लता मंगेशकर गेल्या होत्या, त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरातून टीव्हीवर त्यांचीच गाणी ऐकू येत होती. एवढ्यात आमच्या वस्तीतली नववीत शिकणारी एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, "ताई, चीन जिंकलं! दोन गोल खाऊन तीन मारले!"

कुठे जिंकलं, काय जिंकलं, आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. मग कळले की आमच्यापासून लोकलने पाऊण तासावर, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना त्या दिवशी झाला. मध्यंतराला दक्षिण कोरिया दोन गोलांनी पुढे होता. उत्तरार्धात चीनच्या मुलींनी दोन गोल फेडले आणि नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर तिसरा गोल करून चषक घेतला. आपल्या दारात एवढी स्पर्धा झाली आणि आपल्याला पत्ता नाही! पत्ता असणार तरी कसा? यजमान भारताच्या मुलींना संघात करोना शिरल्यामुळे पहिल्या सामन्यानंतरच स्पर्धेबाहेर व्हावे लागले होते.

ती मुलगी शाळेत फुटबॉल खेळते. तिची आई धुण्याभांड्याची कामे करते. ती आमच्यातच बसली होती. लेकीचा आनंद तिने पाहिला आणि मला विचारले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. खरं सांगा, फुटबॉल खेळून पोट भरतं का?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. मग त्या जिंकलेल्या संघाबद्दल मिळेल ते वाचू लागले. वाचता वाचता त्या संघाच्या प्रशिक्षक शुइ छिंगशिया यांचे नाव समोर आले. या शांघायच्या. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या चिनी महिला संघात त्या स्वतः खेळल्या होत्या. आणि त्याच संघात शांघायचीच आणखी एक मुलगी होती. तिच्या आयुष्यात मला त्या माऊलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे वाटते. तेच आज सांगायचे आहे.

तिचे नाव सुन वेन. चिनी लोकांत आडनाव आधी आणि नाव मागाहून, म्हणून सुन हे आडनाव. आपल्या कानाला ते 'सून' असे ऐकू येते आणि गंमत वाटते. पण ही सुन उंबऱ्याआड राहणारी नव्हती. जन्म ६ एप्रिल १९७३ चा. वडिलांना फुटबॉलचे वेड. दहा वर्षांची असताना ती या खेळाकडे वळली ती वडिलांच्या प्रोत्साहनाने. मुलीच्या पायातले पैंजण मोजणारे बाप जगात पुष्कळ असतात, मुलीच्या पायात चेंडू देणारे थोडे.

चीनमध्ये महिला फुटबॉल नुकता कुठे बाळसे धरत होता. पण त्या देशाने एक गोष्ट ओळखली. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये जग शंभर वर्षे पुढे आहे, महिलांच्या फुटबॉलमध्ये मात्र सगळेच नवे आहेत. मग प्रांताप्रांतांचे संघ, त्यांना प्रशिक्षक, राहण्याखाण्याची सोय असे सारे सरकारी खर्चाने उभे राहिले. १९८६ पासून १९९९ पर्यंत सलग सात वेळा महिलांचा आशियाई चषक चीननेच जिंकला. सुन वेन १९९० साली, सतराव्या वर्षी, राष्ट्रीय संघात आली.

१९९१ साली महिलांचा पहिला विश्वचषक झाला तो चीनमध्येच, ग्वांगदोंग प्रांतात. बारा संघ आले होते. तेव्हा सामने नव्वद मिनिटांचे नसून ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. बायकांना नव्वद मिनिटे झेपतील की नाही, अशी शंका मोठमोठ्या पुरुषांना होती! पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या आपल्या मायभगिनींना कुणी असे विचारले असते, तर त्यांनी काय उत्तर दिले असते ते लिहायला नको. त्या स्पर्धेत अठरा वर्षांच्या सुन वेनने डेन्मार्कविरुद्ध गोल केला, पण चीन उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून हरला. १९९५ मध्ये स्वीडनला झालेल्या दुसऱ्या विश्वचषकात चीन चौथा आला. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. चीन अंतिम सामन्यात पोहोचला. समोर यजमान अमेरिका आणि ७६ हजारांहून अधिक प्रेक्षक. अमेरिका २-१ ने जिंकली. चीनचा तो एक गोल सुन वेनचा होता.

मग आला १९९९ चा विश्वचषक, तोही अमेरिकेतच. दोन देशांचे संबंध तेव्हा अत्यंत बिघडलेले होते. त्याच वर्षी ७ मे रोजी नाटोच्या विमानांनी बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर बाँब टाकले होते. अशा दिवसांत या मुली परक्या देशात खेळत होत्या. सुन वेन संघाची कर्णधार. तिने घानाविरुद्ध तीन, ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन आणि उपांत्य फेरीत नॉर्वेविरुद्ध दोन असे सात गोल केले. नॉर्वे म्हणजे त्या वेळचा जगज्जेता. त्याला चीनने ५-० असे हरवले.

१० जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे अंतिम सामना झाला. प्रेक्षक ९० हजार १८५. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटनसुद्धा हजर होते. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत जो पहिला गोल करील तो जिंकेल, असा तेव्हाचा नियम होता. त्या वेळेत चीनच्या फान युनच्ये हिने डोक्याने मारलेला चेंडू गोलरक्षकाला चुकवून आत चाललेला असताना गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टीन लिलीने डोक्यानेच परतवला. एक वीत आत गेला असता तर चीन जगज्जेता झाला असता. शेवटी टायब्रेकर. लिऊ यिंगचा फटका अमेरिकेची कृष्णवर्णीय गोलरक्षक ब्रायाना स्करी हिने अडवला. पाचवा फटका सुन वेनचा. तिने गोल केला, पण त्यानंतर ब्रँडी चॅस्टेननेही केला आणि अमेरिका ५-४ ने जिंकली. दुसऱ्या दिवशी जगभर छायाचित्रे छापली गेली ती चॅस्टेनची. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र हरलेल्या संघाच्या सुन वेनला मिळाला, आणि सर्वाधिक गोलांचा मान ब्राझीलच्या सिसीबरोबर तिला विभागून मिळाला. पुढच्या वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये चार गोल करून ती पुन्हा सर्वांत पुढे राहिली. २००० सालच्या डिसेंबरात जागतिक फुटबॉल महासंघाने शतकातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून दोघींना विभागून गौरवले. एक अमेरिकेची मिशेल एकर्स आणि दुसरी सुन वेन.

एवढा मोठा सन्मान झाला. आता त्या माऊलीचा प्रश्न विचारू या. पोट भरलं का?

त्या सुमारास अमेरिकेत महिलांची पहिली पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. 'डिस्कव्हरी' वाहिनीचे संस्थापक जॉन हेंड्रिक्स यांच्या पुढाकाराने आठ शहरांचे आठ संघ उभे राहिले. १४ एप्रिल २००१ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिला सामना झाला तेव्हा ३४ हजारांवर लोक आले होते. चीनच्या संघातल्या बऱ्याच मुलींना तिथे बोलावणे आले. गोलरक्षक गाओ हाँग न्यूयॉर्कला गेली, लिऊ आयलिंग आणि जाओ लीहाँग फिलाडेल्फियाला, फान युनच्ये सॅन डिएगोला. सुन वेन गेली अटलांटाला. ज्या ऑलिंपिकने तिला रौप्यपदक दिले, त्याच शहराच्या संघात.

आता गंमत पाहा. त्या अटलांटाच्या संघात गोलरक्षक कोण? तर ब्रायाना स्करी! जिने लिऊ यिंगचा फटका अडवून चीनच्या तोंडचा घास काढून घेतला, तीच आता सुन वेनच्या मागे गोल राखायला उभी. जपानची होमारे सावा त्याच संघात. चीन आणि जपान यांच्यात किती जुने वैर आहे हे आपण जाणतो, पण इथे दोघी एका रंगाचा सदरा घालून खेळत होत्या. कॅनडाची शार्मेन हूपरही होती. जात, देश, रंग बाजूला ठेवून माणसे एकत्र येऊ शकतात हे ज्यांना अशक्य वाटते, त्यांनी हा संघ डोळ्यांपुढे आणावा. पहिल्याच वर्षी अटलांटा अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि टायब्रेकरवर हरला.

पण सुन वेनच्या शरीराने तिथे तिला साथ दिली नाही. अकरा वर्षे देशासाठी खेळून ती गेली होती. दुखापतींनी तिला घेरले. जगाने जिला शतकातील सर्वोत्तम म्हटले तिचा खरा बहर अमेरिकेच्या लीगला पाहायला मिळालाच नाही. दोन मोसम खेळून ती परत आली.

आणि लीगचे काय झाले? मी वाणिज्य शाखेची पदवीधर, आयुष्य गेले खतावण्या लिहिण्यात, म्हणून मला गोलांपेक्षा हा जमाखर्च जास्त बोलका वाटतो. पाच वर्षे पुरतील म्हणून ४ कोटी डॉलर उभे केले होते. ते पहिल्याच वर्षात संपले. तीन वर्षांत मिळून सुमारे १० कोटी डॉलर गेले. सामन्यांची सरासरी प्रेक्षकसंख्या पहिल्या वर्षी आठ हजारांवर होती, ती तिसऱ्या वर्षी पावणेसात हजारांच्याही खाली आली. जाहिरातदार अपेक्षेएवढे आले नाहीत. नामवंत खेळाडूंनी स्वतःचे मानधन कमी करून घेतले. तरी तोंडमिळवणी होईना. अखेर १५ सप्टेंबर २००३ रोजी लीग बंद झाली. पुढचा विश्वचषक अवघ्या पाच दिवसांवर आला असताना!

तो २००३ चा विश्वचषक खरे तर चीनमध्ये व्हायचा होता. सार्सच्या साथीमुळे तो ऐनवेळी अमेरिकेला हलवला गेला. घरच्या मैदानावर खेळण्याचे सुन वेनचे स्वप्न तसेच राहिले. तिने घानाविरुद्ध गोल करून चीनला जिंकून दिले. मग उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाने चीनला एका गोलाने बाहेर काढले. तो गोल कुणाचा? अटलांटाच्या संघातली तिची जुनी सोबतीण शार्मेन हूपर हिचा. सुन वेनने निवृत्ती घेतली. मध्ये थोडा काळ ती संघात परतली, पण २००६ मध्ये कायमची थांबली. देशासाठी १५२ सामने आणि १०६ गोल, ही तिची शिल्लक.

म्हणजे पोट भरले, पण खेळाच्या बाजाराने भरले असे म्हणता येणार नाही. बाजार उठला. तिला तारले ते तीन गोष्टींनी. पहिली, लहानपणापासून तिच्यामागे सार्वजनिक खर्चाची व्यवस्था होती. दुसरी, तिने पुस्तक सोडले नाही. शांघायच्या फुदान विद्यापीठात ती चिनी साहित्य शिकली, कविता लिहीत राहिली. तिसरी, ती परत आली आणि खेळाच्या कामाला लागली. २०१९ मध्ये ती चीनच्या फुटबॉल संघटनेची उपाध्यक्ष झाली.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा होईल. सुन वेनची पिढी गेल्यावर चीनचा महिला संघ घसरला. २०११ च्या विश्वचषकाला आणि २०१२ च्या ऑलिंपिकला तो पात्रच ठरला नाही. त्याच २०११ मध्ये जपान जगज्जेता झाला आणि त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली होमारे सावा, सुन वेनची अटलांटाची सोबतीण. आणि चीनच्या फुटबॉल संघटनेचे जे अध्यक्ष २०१९ मध्ये निवडून आले होते, त्या चेन श्युयुआन यांना २०२४ मध्ये लाचखोरीबद्दल जन्मठेप झाली. आठ कोटी युआनहून अधिक लाच! संस्था उभी करणे जितके अवघड, तितकेच ती स्वच्छ ठेवणे अवघड. नेरूळचा विजयही कायमचा ठरला नाही. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या विश्वचषकात, इंग्लंडने चीनला ६-१ असे हरवले आणि संघ पहिल्या फेरीतच घरी परतला.

तरीही नेरूळची ती संध्याकाळ मला महत्त्वाची वाटते. त्या सामन्यात चीनचा पहिला गोल करणारी तांग ज्याली तेव्हा इंग्लंडमध्ये टॉटनहॅमकडून खेळत होती. म्हणजे ज्या वाटेने सुन वेन गेली, ती वाट बुजली नव्हती. आणि मैदानाबाहेर उभी होती शुइ छिंगशिया. सव्वीस वर्षांपूर्वी जिने स्वतः पदक मिळवले, तीच पुढच्या मुलींना खेळवत होती. मध्यंतराला दोन गोलांनी मागे असलेल्या मुलींना धीर द्यायला स्वतः कधीतरी हरलेले माणूसच लागते.

वाचक बंधुभगिनींनो, ही परक्या देशाची गोष्ट आपल्या पानावर कशाला, असे कुणी म्हणेल. आपल्याला परदेशी जाणे आणि परत येणे नवे नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, पुढे लंडनला गेले. इकडे रमाईंनी हालअपेष्टा सोसून घर धरून ठेवले. पण बाबासाहेब नुसत्या पदव्या घेऊन थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय आणले. एकट्याच्या विद्वत्तेवर समाज तरत नाही, त्यामागे संस्था लागते, हे त्यांनी करून दाखवले. आपण मात्र एखादा मुलगा किंवा मुलगी चमकली की सत्कार करतो, हार घालतो, फोटो काढतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी तिच्या बुटाला भोक पडलेले कुणी पाहत नाही.

त्या रात्री आम्हीही पाहिले नव्हते. त्या मुलीच्या आईनेच दाखवले. लेकीचे बूट शेजारच्या मुलाचे जुने होते, पुढे कापूस कोंबून ती खेळत होती. वहीत ध्वनिक्षेपकासाठी रक्कम धरली होती. छोट्या विहारात पन्नास माणसांना ध्वनिक्षेपक कशाला, असे मी म्हणाले. दोघी-तिघी नाराज झाल्या. जयंती दरवर्षी येते, वस्तीत आवाज घुमला पाहिजे, त्यांचेही म्हणणे खोटे नव्हते. बरीच वादावादी झाली. शेवटी आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजी म्हणाल्या, "रमाईला ऐकू जायला भोंगा लागत नाही." ती रक्कम खोडून मी वहीत नवी ओळ लिहिली: खेळाचे बूट, एक जोड.

ती मुलगी आता कॉलेजात शिकते. तिची मोठ्या संघात निवड झाली नाही, झाली असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पण दर रविवारी सकाळी ती वस्तीतल्या आठ-दहा लहान मुलींना मैदानावर नेते. वहीतली ती ओळ मात्र आम्ही पुन्हा खोडलेली नाही. दरवर्षी रमाई जयंतीला खेळाच्या साहित्यासाठी काही रक्कम बाजूला काढतो, आणि हिशेब विहाराच्या फळ्यावर लावतो.

त्या माऊलीला मी उत्तर द्यायला उशीर केला, पण दिले. म्हटले, "बाई, एकटीने खेळून पोट भरत नाही. जगातल्या सर्वोत्तम बाईचंही नुसत्या त्यावर भरलं नाही. पण म्हणून खेळ थांबवायचा नाही. लेकीला शाळा सोडू देऊ नकोस, आणि खेळही सोडू देऊ नकोस. मधलं जे कमी पडेल ते आपण सगळ्यांनी मिळून भरायचं." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "सगळ्यांनी म्हणजे कुणी, ताई?"

हा प्रश्न आता मी तुमच्यापुढे ठेवते. आपापल्या विहारातली वही एकदा उघडून पाहा. त्यात हारतुऱ्यांची ओळ असेल, मंडपाची असेल. मुलींच्या बुटांची आहे का?

जयभीम!